सखूबाईच्या शेळ्या

गुरुवार, संध्याकाळ

सकाळी धरणातून गोदावरीत पाणी सोडलं. नदीकाठच्या वस्तीच्या ग्रुपवर मी तीनदा लिहिलं, घरं सोडून शाळेत या. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, हललं कुणीच नाही. मग एकट्या सखूबाई आल्या, शेळ्या घेऊन. "ताई, हितं बांधू का?" म्हटलं, बांधा. शेळ्या मागं टाकून कोण येईल? अंगणवाडीत इतकी वर्षं काढून मला हे सुचू नये?

व्हरांड्यातल्या शेळ्यांचा फोटो टाकला, सोबत सखूबाईंचा आवाज: "शाळेत शेळ्या घेत्यात. लवकर या, न्हाईतर जागा ऱ्हायची न्हाई."

तासाभरात वस्ती वर आली. आता घरांत पाणी आहे, माणूस एकही नाही.

मुख्याध्यापक लेंड्यांवरून चिडलेत. उद्या झाडीन. पण पुढच्या पुराला ग्रुपवर आधी शेळ्याच जातील, माझी सूचना नंतर.