सुतकाच्या दारात अडलेला रथ

कुवाबारा गल्ली,
२६ जुलै

चि. कानाए हिस,

अनेक आशीर्वाद. उकाडा असा आहे की वाळलेले कपडे काढायला अंगणात गेलं तर आपणच भिजून परत येतो. तुमच्या ओसाकात याहून वाईट असेल. जावईबापूंनी पाठवलेले पीच पोचले. दोन बाबांच्या तसबिरीपुढे ठेवले, बाकीचे मी आणि हात्सुए मासेवालीनं मिळून फस्त केले. बाबांचे दोनही संध्याकाळी आम्हीच खाल्ले. त्या माणसानं कधी हातानं फळ सोलून खाल्लं नाही, आता तरी कुठून खाणार?

तू फोनवर विचारलंस की घर विकून ऑक्टोबरात कायमची आमच्याकडे येतेस ना, काय ते एकदा नक्की सांग. सांगते. आधी परवाच्या रथाच्या उत्सवाचं ऐक.

एप्रिलात बाबा गेले, म्हणून यंदा वर्षभर आपलं घर सुतकातलं. दाराला कंदील नाही, रथाच्या दोरीला हात लावायचा नाही. रथ आपल्या घरावरून जाताना ढोल-बासरी बंद, हाका बंद, सगळे माना खाली घालून जाणार. लहानपणी अशाच एका घरासमोर तू शिंकलीस तेव्हा बाबांनी रथावरून डोळे वटारले होते. पण रथाच्या पुढच्या फळीवर उभं राहून, हातात पंखा घेऊन चाळीस वर्षं ओढणाऱ्यांना हाका देणाऱ्या माणसाच्याच घरासमोरून मुकाट्यानं जायचं, हे काही मला पटेना. मी इवासेभाऊजींना आधीच म्हटलं, "अहो, तुमचा मित्र जिवंतपणी घटकाभर गप्प बसला नाही. त्यांच्यासाठी कसले गप्प राहता? वाजवा की!"

"वहिनी, मी गल्लीचा प्रमुख आहे तोवर रीत मोडणार नाही. शिगेझो स्वप्नात येऊन शिव्या घालेल."

"ते तशाही घालतीलच," मी म्हटलं. पण भाऊजी ऐकतात होय!

तर परवा मी दार ओढून घेतलं आणि खिडकीच्या वेताच्या पडद्यामागे बसले. कोपऱ्यापर्यंत ढोल दणाणत होता, मग थांबला. नुसती लाकडी चाकांची करकर. आणि ढोल नसल्यावर ओढणाऱ्यांचा ताल गेला. डावी दोरी आधी, उजवी मागून. बाबांच्या जागी यंदा ओगिनो उभा होता, आपला वायरमन. तो बिचारा तोंड मिटून पंखा हलवत होता आणि पाठमोऱ्या ओढणाऱ्यांना तो दिसतच नव्हता. रथ तिरका झाला आणि पुढचं चाक बरोब्बर आपल्या दारासमोरच्या गटारात बसलं.

आता चाक काढायचं तर हाक हवी, आणि हाक द्यावी तर घर सुतकाचं. एवढे दांडगे लोक कुजबुजायला लागले.

"ओढ ना रे!"

"हळू बोल, वहिनी आत आहेत."

"मग तू तरी हळू ओढ, माझ्या पायावर चढलास!"

तेवढ्यात मागून शेजारच्या गल्लीचा रथ येऊन थबकला. ते लोक अशी संधी सोडतात थोडेच? "काय हो कुवाबारा, रस्त्यातच जेवायला बसलात काय?" भाऊजी धावत गेले आणि कमरेतून वाकून वाकून त्यांना आपलं घर दाखवलं. मग त्यांचाही ढोल बंद. सगळा रस्ता चिडीचूप आणि दोन अजस्र रथ माझ्या दारात उभे!

मला हसू फुटलं. तोंडावर टॉवेल दाबला तरी आवरेना. हसता हसता रडू आलं. एप्रिलपासून मी रडले नव्हते, कानाए. 'वेळेवर जेवते' म्हणून तुला सांगत होते ना, तेही खोटं. शिळ्या भातावर चहा ओतून केव्हातरी गिळत होते. घर इतकं गप्प की फ्रिजची घरघर ऐकायला स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. तू 'ये' म्हणालीस तेव्हाच मनातून हो म्हणून टाकलं होतं. लोणच्याच्या बरण्यासुद्धा हात्सुएला देऊन टाकल्या.

बाहेर कुणीतरी म्हणालं, "जॅक आणू या." भाऊजी म्हणाले, "थांबा जरा." पडद्यातून पाहिलं तर सगळे आपल्या दाराकडे बघत होते. बघायचे आणि पुन्हा माना खाली घालायचे.

सुतकवाल्यानं दोरीला हात लावायचा नाही, ही रीत. ओरडायचं नाही असं कुणी सांगितलेलं मला तरी आठवत नाही. मी दार सरकवलं आणि उंबऱ्याच्या आतच उभी राहिले. उत्सवाआधी बाबा न्हाणीघरात हाक घोटायचे. ते "योऽऽई" म्हणायचे आणि मी भांडी घासता घासता "सा!" म्हणायची. आयुष्यभर माझ्या वाट्याला 'सा'च आला. परवा पहिल्यांदा मी आधी ओरडले.

"योऽऽई!"

कुणी हलेना. ओगिनो आ वासून माझ्याकडे बघत राहिला. "बघतोस काय मेल्या!" गर्दीतून हात्सुए कडाडली. "घरच्यांनीच हाक दिलीय!" मी पुन्हा दिली. आणि साऱ्या रस्त्यानं, त्या मागच्या टवाळांनीसुद्धा, "सा!" म्हणून असा हिसका दिला की चाक गटारातून उसळून बाहेर आलं. ढोल सुरू झाला. तो कुणी थांबवला नाही.

भाऊजी घामानं निथळत आले. डोळेही भरलेले होते, पण आव रागाचा.

"रीत मोडलीत, वहिनी."

"मी उंबऱ्याच्या आत आहे."

"मग पुढच्या वर्षी बाहेर या. त्या फळीवर, ओगिनोच्या शेजारी. त्याचा आवाज म्हणजे मांजराचं पिल्लू."

"त्या फळीवर कधी बाई चढली आहे का?"

"नाही. येणार का, ते बोला."

"येईन," मी म्हटलं.

रथ वळून दिसेनासा झाला तेव्हा लक्षात आलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी भर रस्त्यात देऊन बसले. तुझ्याआधी ते भाऊजींना कळलं, एवढं पोटात घाल.

मी येत नाही, बाळा. तू मायेनं बोलावलंस, त्या आधारावरच हे तीन महिने काढले. रुसू नकोस. बाबांच्या आठवणीसाठी राहते आहे असंही समजू नकोस. आठवणी काय, मी कुठेही घेऊन जाईन. पण इथे मी हाक दिली की रस्ता ओ देतो.

दोन दिवस फोन करू नकोस. घसा पार बसलाय, नुसता वारा निघतो.

तुझी, आता इथेच राहणारी,
आई