भरली नाही तरी सुटणारी रिक्षा

प्रिय अण्णा,

एका घरात राहून पत्र लिहायलेय, हसू नका. मी गाडीचा विषय काढला की तुम्ही चपला घालून बाहेर पडता. कागद हातात आला तर निदान वाचाल.

आठवीत असताना कृषी विद्यापीठाच्या रिकाम्या रस्त्यावर तुम्हीच मला रिक्षा शिकवलीत. लोक बघायचे, तर तुम्ही म्हणायचात, बघू दे. स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर आजही तुमचाच शब्द चालतो, आणि तिथं सगळ्यांना तुम्ही माझं कौतुक सांगायचात. मी बॅटरीवरची रिक्षा घेऊन त्याच स्टेशनवर आले, त्या दिवशी ते कौतुक संपलं.

असं काय वेगळं केलं मी? ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, सुटायची ठरलेली वेळ. मागे टोपल्यांसाठी लोखंडी जाळी बसवून घेतली. पिंगळीहून सकाळच्या रेल्वेनं भाजी आणणाऱ्या कमलबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, भरली न्हाई तरी निघती का तुजी गाडी?" मी म्हणाले, "निघते." स्टँडवरची रिक्षा भरेपर्यंत त्या ताटकळायच्या आणि तेवढ्यात बाजारातली त्यांची जागा जायची. दुसऱ्या दिवशी त्या सोबतच्या बायकांना घेऊन आल्या. आता दुसरी गाडी माझी मैत्रीण धम्मशीला चालवते. तिचीही रिकामी जात नाही.

मग कुणीतरी माझ्या गाडीच्या सीटा फाडल्या, वायरी तोडल्या. कुणी, ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. त्या सकाळी धम्मशीलाच्या गाडीत जागा न मिळालेल्या कमलबाई आणि बाकीच्या बायका स्टँडच्या एकाही रिक्षात बसल्या नाहीत. टोपल्या डोक्यावर घेऊन तुमच्यासमोरून बाजारापर्यंत चालत गेल्या. तुम्ही मान खाली घालून रिक्षाची काच पुसत होतात, असं धम्मशीला म्हणाली. मला रडू नाही आलं अण्णा, लय राग आला. वायरी मी स्वतः जोडल्या, फाटक्या सीटवर पोतं टाकलं आणि संध्याकाळच्या रेल्वेला गाडी लावली.

मी स्टँडच्या पोटावर पाय द्यायलेय म्हणे. स्टँडच्या रिक्षाही आपल्या वेळापत्रकात घेऊ, हेच सांगायला मी स्टँडवर आले होते. ऐकायच्या आधीच तुम्ही उठलात.

काल स्टँडवर बैठक झाली. तिथं काय ठरलं ते धम्मशीलाच्या भावानं सांगितलं. उद्या मला स्टेशनसमोर अडवायचं, आणि सगळ्यांच्या पुढे तुम्हाला उभं करायचं. बापाला बघून पोरगी माघारी फिरेल. म्हणून हे पत्र. मी येणार आहे, अण्णा. तुम्ही समोर असाल तर ब्रेक लावीन, पण गाडी वळवणार नाही. मागे बसलेल्या बायकांना खाली उतरवायचं असेल, तर ते त्यांना तुमच्या तोंडानं सांगा.

तुमचीच,
राजेश्री