गडाला दार नाही

१० ऑगस्ट ११८८, संत लॉरेन्सचा दिवस

अमीराचा वकील आज पुन्हा आला. म्हातारा फाखिर — लढाईआधी याच माणसाकडून आम्ही घोडे घेत होतो! वेढा पडल्यापासून अट तीच. शस्त्रं ठेवा, उचलेल तेवढं सामान घ्या, बायकापोरांसह त्रिपोलीला जा. वाटेत कुणी हात लावणार नाही.

गोबेर सगळ्यांसमोर म्हणाला, "अमीराला सांग, या गडाला दार नाही. चारी बाजूंनी भिंतच आहे."

शिपायांनी ढाली बडवल्या. फाखिर दाढी कुरवाळत म्हणाला, "मग साहेब, मी काय आभाळातून पडलो?" सगळे हसले, गोबेरसुद्धा. बोलण्यात माझा नवरा कुणाला हार जायचा नाही. पण टाक्यातलं पाणी हिरवं पडलंय आणि बोलण्याने ते वाढत नाही.

१२ ऑगस्ट

जो तो तेच वाक्य म्हणतोय. माझी माबिलसुद्धा! एवढीशी पोर, ओठ फुटलेत, पाणी मागते आणि वर "गडाला दार नाही". तिच्यावर ओरडले. मग मीच रडले.

पाद्रीबाबा ओदोंनी तर प्रवचनातच ते घेतलं. "असं बोलणारे सरदार पूर्वी असायचे!" तुमचं काय जातंय, बाबा?

१४ ऑगस्ट

त्यांच्या धोंडे फेकणाऱ्या यंत्राचा दगड आला. गोबेरची मांडी चिरडली. अंगात फणफणून ताप.

दुपारी त्याला म्हटलं, फाखिरला बोलाव. पोरांसाठी तरी. त्याने तोंड फिरवलं. "माझ्या शब्दावर ढाली बडवल्या त्यांनी. आता कुठल्या तोंडाने फिरवू?"

आपल्याच वाक्यात कोंडला गेलाय. मला भयंकर राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचाही राग येतो, हे आज कळलं.

१५ ऑगस्ट

आज मारियामातेचा सण. गिरार हवालदाराचं तान्हं गेलं.

१६ ऑगस्ट

गोबेर गेला.

सकाळी ओदोंनी त्याची शेवटची पापांची कबुली ऐकायला आम्हां सगळ्यांना बाहेर काढलं. बराच वेळ लागला. बाहेर आले ते राखेसारखं तोंड घेऊन. मी आत गेले तर त्याची वाचा बसलेली. नुसता हात धरून बसले.

मग चौकात सगळे जमले. धन्याचा शेवटचा शब्द म्हणजे आमच्याकडे हुकूमच. गिरारने विचारलं, "पाद्रीबाबा, धनी शेवटी काय म्हणाले?"

"कबुलीत ऐकलेलं मी थडग्यात नेणार. मला विचारू नका."

आणि मी बोलले! "मला सांगितलं त्यांनी. म्हणाले — भिंती माझ्या होत्या, माणसं देवाची आहेत. ज्याची त्याला परत करा."

गिरारने तलवार खाली ठेवली आणि ढसाढसा रडला. "धन्याचा शब्द! उघडा रे दार!"

खोटं. सगळं खोटं. गोबेर मला काहीच म्हणाला नव्हता. ओदो माझ्याकडे बघत राहिले. खरं त्यांना ठाऊक, पण त्यांचं तोंड कबुलीने बांधलेलं! त्याच भरवशावर मी बोलले. जिवंतपणी ज्याने शब्द फिरवला नाही, त्याचा मेल्यावर मी फिरवला.

१८ ऑगस्ट

बाहेर पडलो. फाखिर स्वतः पुढे चालत होता. माबिलला आपल्या पखालीतून पाणी पाजलं. "सावकाश पी, बेटी, सावकाश. कुणी पळवत नाही." मग मला म्हणाला, "तुमच्या धन्याचं शेवटचं बोलणं आमच्या छावणीत तोंडोतोंडी झालंय, बाईसाहेब. मोठा माणूस." मला मान वर करवेना.

२१ नोव्हेंबर, त्रिपोली

इथेही ते वाक्य आमच्या आधी पोचलंय. काही जण डोळे पुसतात. पण आज चर्चच्या पायरीवर नुकताच जहाजातून उतरलेला एक सरदार मोठ्याने म्हणाला, "माणसं देवाची म्हणे! मरताना फाटली त्याची, दुसरं काय!" गिरारने त्याच्या थोबाडीत दिली. चौघांनी मिळून सोडवलं.

माबिल हल्ली खिदळते, धावते, गुडघे फोडून घेते. तिच्याकडे बघितलं की वाटतं, बरं केलं. आणि गोबेरचं नाव असं पायरीवर तुडवलं जाताना ऐकलं की जीव नकोसा होतो. भित्रा नव्हता तो! हट्टी होता. हे कुणाला सांगू?

५ एप्रिल ११८९, पवित्र आठवडा, बुधवार

ईस्टरच्या सणाआधी कबुली द्यावीच लागते. ओदोंसमोर गुडघे टेकले. म्हटलं, बाबा, मरत्या नवऱ्याच्या तोंडी मी खोटे शब्द घातले. सांगाल तेवढे उपास करीन.

ते म्हणाले, "बाकीची पापं सांग, लेकी. याला प्रायश्चित्त देता येत नाही."

"एवढं मोठं पाप आहे?"

"प्रायश्चित्त खोट्याला असतं." मग खाली वाकून म्हणाले, "तू खोटं बोललीस कुठे?"

गोबेर! अरे, मला का नाही सांगितलंस? मी तुझ्यावर रागावलेलीच राहिले रे.