चौघांना एकदम सोडलं तर?

१२ नोव्हेंबर १९६७

ते मासिक पुन्हा वाचलं. परदेशातली शाळकरी पोरं पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून सुटतात — पण एकेकटी! घड्याळ ठरवतं कोण जिंकलं ते. मला पटत नाही. शर्यत म्हणजे शेजारी दुसऱ्याचा श्वास ऐकू आला पाहिजे. चौघांना एकदम सोडलं तर काय होईल?

आमच्याकडे बर्फ नाही. धामणगाव बढ्याच्या मागची टेकडी आहे, वाळकं गवत आहे, चिरलेला बांबू आहे. दोन वर्षं पोरं त्यावरच घसरतायत, तीही एकेकटी. मीच शिकवलं तसं!

१५ नोव्हेंबर

हिमालयातल्या बर्फ-शिबिराचं पत्र आलं. आमच्या शाळेला एकच जागा. घड्याळानं पाहिलं तर पुंजाजीची. मॅट्रिकचं वर्ष, उन्हाळ्यापासून तो वावरातच राबणार, मग पुन्हा कुठलं शिबिर? मलकापूर स्टेशनापलीकडे काही पाहिलेलं नाही त्यानं.

पण प्रार्थनेच्या वेळी बोलायला उभा राहिलो आणि बोलून गेलो — "घड्याळाशी नव्हे, माणसाशी भिडेल तोच जाईल! चौघं एकत्र, एकच शर्यत!" टाळ्या पडल्या.

१७ नोव्हेंबर

वळणांवर तुराट्या रोवल्या. चौघं सुटले. काय दृश्य होतं! खांद्याला खांदा, बांबूवर बांबू. दोघं पहिल्याच वळणावर एकमेकांत अडकून पडले. पुढे पुंजाजी, त्याला चिकटून कारभारी — पुंजाजीच्या थोरल्या बहिणीचा मुलगा, मामापेक्षा दोन वर्षांनी लहान.

तिसऱ्या वळणावर पायाला पाय लागला. आणि पुंजाजी थांबला! भर उतारावर! भाच्याला शिवायला हात पुढे केला, तर तो निसटलेला. मग जमिनीलाच हात लावला आणि छातीला.

खालून पोरं ओरडली, "अबे, आरती करून राह्यला का बे?"

कारभारी जिंकला.

१८ नोव्हेंबर

पुंजाजीला विचारलं, काऊन थांबलास रे?

"भाच्याले पाय लागला नं गुरुजी. घरी आम्ही त्याच्या पाया पडतो."

इतकं साधं! आमच्याकडे भाचा लहान असला तरी पूज्य, मीही भाच्यांच्या पाया पडतोच की. शर्यत आखताना हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? एकेकटं घसरताना कुणाला पाय लागायचा प्रश्नच नव्हता.

हेडमास्तर वैजनाथराव म्हणाले, "घड्याळानं पुंजाजी पुढं आहे. बोललात ते गिळा."

म्हटलं, शब्द दिलाय.

"शब्द तुमचा. जाणं त्याचं."



१९ नोव्हेंबर

कारभारीच्या नावाचा अर्ज टपालात टाकला.

२१ नोव्हेंबर

नवा नियम काढला. सुटण्याआधीच सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार करून घ्यायचा. पुढे पाय लागला तर तो आधीच माफ! पोरं हसली, पण केलं. पुंजाजीनं भाच्याच्या पायावर डोकं ठेवलं, "आता ये," म्हणाला.

तीनदा सोडले. तिन्ही वेळा पुंजाजी पहिला. तिसऱ्या वळणावर तर धडकून पुढे गेला, मागे पाहिलंही नाही. माझी कल्पना बरोबर होती — फक्त चार दिवस उशिरा शहाणी झाली.



२२ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर कारभारी आला. दाराच्या आत येईना.

"गुरुजी, त्या दिवशी मामाचा पाय नव्हता लागला. म्या लावला. मले माहीत होतं, तो थांबन."

मी काही बोलण्याआधीच पुढे म्हणाला, "पण तिकडं बर्फावर माहा मामा कोण असन?"