उपोसथाच्या दिवसाची गोळी

गुरुजी, जयभीम.

आता म्हनसान, सहा वरसानंतर हिले पत्र लिहायची हुक्की काऊन आली? तुमी होते तवा त एक ओळ लिहिली नाई. कायले लिहू? माह्या चौथीच्या अक्षराले लाल शाई लावून वापस केलं असतं तुमी! आता लावा. पाहू कशी लावता!

गोष्ट अशी हाय. परवा पौर्णिमा. आपल्या शेजारच्या धनराजभाऊनं काल विहारात उभं राहून सांगतलं, "या पौर्णिमेले मी गुरुजीवानी उपोसथ धरीन. दुपारी बारानंतर अन्न नाई, अन् दिवस बुडताना ध्यानाले बसीन. गुरुजीवानी मरन आलं त सोनं झालं." साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या. धनराजभाऊले दोन वरसापासून शुगर हाय. तुमाले होती तीच. म्हनून आज कागद घेऊन बसली.

तुमी रिटायर झाले तवा दुसरे मास्तर घर बांधून राह्यले होते, कोनी पोरीचं लगन करून राह्यलं होतं. तुमी मले नेपाळले नेलं! म्हनले, "दोन वरसं धम्माचं काम करू, मंग येऊ." मी म्हनलं, "परदेशात नेऊन राह्यले त इमानात तरी बसवा." आपल्या सिंदी टेशनावरून तीन गाड्या बदलल्या, मंग मोटर, मंग टांगा. इमान काई दिसलं नाई.

अन् काय थो विहार! टिनाचं छप्पर, दोन खोल्या, अन् हिवाळ्यात असं धुकं का भगवंताची मूर्ती कुठं हाय थे हातानं चाचपून पाहा लागे. आठवते? सकाळी तुमी आंगन झाडत, मी चूल पेटवो. जनमभर गावात "गुरुजी, गुरुजी" करून घेतलं, थ्या देशात मी तुमच्या हातात झाडू देल्ला. तोंड असं वाकडं केलं होतं तुमी!

मंग शेताच्या वाटेनं पलीकडल्या वस्तीत जात. बायाइले अक्षरं शिकवत, आजाऱ्याले घेऊन दवाखान्यात जात. थ्या बाया मले माई म्हनत. माही हिंदी आयकून हासत. मी थ्याइले पिठलं शिकवलं, थ्याइनं मले रोजचा भात पचवाले शिकवलं. ज्वारीच्या भाकरीसाठी मी एकदा रडलीही. तुमाले सांगतलं नाई. सांगतलं असतं त तुमी तृष्नेवर अर्धा घंटा बोलले असते.

अन् तुमचं ध्यान! डोळे मिटले का दोन मिनिटात मान खाली, अन् घुर्र! मी मांगून बोट टोचो. तुमी दचकून म्हनत, "बुद्धं सरनं गच्छामि!" साऱ्या बाया पदर तोंडाले लावत. लय मजा ये मले. बेचाळीस वरसात तुमाले टोचल्याशिवाय माहा दिवस गेला नाई.

तुमी उपोसथ धरला थ्या पौर्णिमेच्या सकाळी मले बाजूले घेतलं. म्हनले, "शेवंता, आज दूरदूरचे लोकं येनार हायेत. भंतेजी हायेत. आज लोकांसमोर मले हात लावू नोको. माही इज्जत ठेव." असं कधी बोलले नोते तुमी. मी म्हनलं, "बरं. नाई लावत."

पन तोंड कुठं राह्यते माहं! दुपारी बारा वाजता जेवन आटोपलं, तवा म्हनलं, "पाहू आता. गुरुजी टिकते, का डब्यातला गूळ चोरते!" तुमी हासले. पन मनाले लावून घेतलं का हो थे?

दिवस कलंडला तवा मी गोळी घेऊन आली. डाक्टरनं थ्याच महिन्यात संध्याकाळचीही गोळी लावून देल्ली होती, जेवनाआधी घ्यायची. मी इचारलं, "गोळीनं उपोसथ मोडते का?" तुमी पुस्तक वाचल्यावानी सांगतलं, "दवाईले मनाई नाई. मनाई अन्नाले हाय." नियम कसा बरोबर माहीत होता आपल्याले! गिलासभर पानी अन् गोळी, म्या माह्या हातानं देल्ली. अन् जेवन देल्लं नाई.

तुमी ध्यानाले बसले. थोड्या वेळानं मान खाली गेली. सदऱ्याची पाठ वली झाली. थंडीचे दिवस होते, गुरुजी! थंडीत घाम! मी पाहून राह्यली होती. माहं बोट शिवशिवलं. मनात म्हनलं, नाई, आज शब्द देल्ला हाय. एक दिवस झोपू दे बापड्याले इज्जतीनं.

वंदना झाली. लोकं आवाज न करता उठून गेले. जाता जाता तुमच्याकडे हात जोडत. एक बाई मले म्हने, "माई, गुरुजी कितने गहरे गये हैं!" मी गालात हासली. बसून राह्यली. किती वेळ, थे नोका इचारू.

शेवटी भंतेजीनं खांद्याले हात लावला, तवा तुमी आडवे झाले.

बैलगाडीत नेलं. दवाखान्यात डाक्टर म्हने, आंगातली साखर पार उतरली; थ्यानं बाटली लावली, पन झालं होतं. मंग थ्यानं मले इचारलं, किती वाजता जेवले, काय घेतलं. मी सांगतलं. "माई, दवा दी और खाना नहीं दिया?" येवढंच म्हनला. रागावला असता त बरं झालं असतं.

तुमाले आतून कसंतरी होत असन ना? हातपाय कापत असन. मंग बोलले काऊन नाई? येवढा कसला ताठा? का माह्याच बोलाचं भेव? "शेवंता, गूळ दे," येवढं म्हनलं असतं त मी चिडवलं असतं जनमभर. जनमभर चिडवलं असतं हो!

अस्थी घेऊन सिंदीले उतरली त फलाटावर पांढऱ्या कपड्यातले लोकंच लोकं. आपला रमेश माह्या गळ्यात पडून म्हने, "आई, बाबा ध्यानात गेले. असं मरन कोनाले येते?" मी काय सांगाव? अस्थी थ्याच्या हाती देल्ल्या. थ्या दिवसापासून मी ध्यानात गेलेल्या गुरुजीची बाई झाली. कार्यक्रमात खुर्ची पुढची. बाया पाया पडते. मी पडू देते. माह्यावानी बडबडी बाई सहा वरसं मुकी राह्यली, पाहा.

पन धनराजभाऊ मेला त थो माह्या मुकेपनानं मरन.

म्हनून शब्द देते. उद्या सकाळी थ्याच्या घरी जाईन. पह्यले थ्याच्या बायकोले, सुमनले, चुलीजवळ बसवून सारं सांगीन. कारन गोळी तिच्याच हातून जाईन, जशी माह्या हातून गेली. मंग भाऊले सांगीन का उपोसथ धरायचा असन त आदी डाक्टरले इचार. अन् पौर्णिमेले विहारात उभी राहून साऱ्याइले सांगीन. रमेशची मान खाली जाईन. तुमचं सोन्यासारखं मरन मी मातीचं करीन, माफ करजा.

गाव म्हनन, गुरुजीले बाईनंच मारलं. म्हनू द्या. सहा वरसं मी एकटीच म्हनून राह्यली होती.

तुमचीच,
शेवंता