सातनं भाग जातो

बाबा, काल मोबाइलला तुमची संख्या विचारली. ९९९९९९८९. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: मूळ संख्या, आठ अंकांतली सगळ्यांत मोठी. तुम्हाला आठ महिने लागले होते. विम्याच्या ऑफिसातून खातीपुऱ्याच्या घरी आलात की बूट काढायच्या आधी भागाकार. दहा हजारांच्या आतल्या बाराशे एकोणतीस मूळ संख्या. रोज पाच-सहा घ्यायच्या, भागून पाहायचं, प्रत्येक वेळी बाकी उरली की खुशीत चहा मागायचा. आई म्हणायची, "भाग एकीनंही जात नाही, साखर मात्र भराभर जातेय." चहा मात्र ती करून द्यायची.

मग मराठी मंडळाच्या गणपतीची स्मरणिका निघते. तुम्ही लेख सांगताय, मी लिहितेय, कारण तुमचं अक्षर तुम्हालाच लागत नाही. मी सातवीत, शाळा हिंदी. तुम्ही ऐटीत सांगता, "नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, एकोणनव्वद." नव्व्याण्णव मला येत होतं. एकोणनव्वद म्हणजे एक आणि नव्वद, असं समजून मी शेवटी ठोकून दिलं ९१. 'नवासी' म्हणाला असतात तर ही वेळ आली नसती, पण घरात हिंदी आकडे काढले की तुमचं डोकं फिरायचं.

आरतीनंतर तुम्ही माइकपाशी उभे, आणि मंडळातले एक फौजेतले काका स्मरणिका फडकवत ओरडले, "अहो साहेब, हिला तर सातनं भाग जातो!" हॉलभर हशा. तुमचे कान लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून तुम्ही चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या छापखान्यावर चाल करून गेलात. "भैया, आपने मेरा आठ महिना पानी में डाला!" छापखानेवाल्यानं निवांतपणे आपला कागद काढला. "देखिए साबजी, जो लिखा था, वही छापा है." तुम्ही माझं गोल गोल अक्षर बराच वेळ पाहिलंत. कागदाची घडी खिशात घातलीत आणि म्हणालात, "माफ करना भैया, गलती मेरी है." मी मार खायच्या तयारीत होते. तुम्ही विचारलंत, "कचोरी खाणार?" मी दोन खाल्ल्या.

त्या संध्याकाळी मंडळात तुम्हीच काकांना सांगितलंत, "सातनं भागायचं राहूनच गेलं हो!" बाराशे एकोणतीस वेळा भागलेला माणूस! मला रडू येत होतं, आणि सुटले बुवा असंही वाटत होतं. तुम्ही जाईपर्यंत घरात त्या आकड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

काका अजून ठणठणीत आहेत. परवा मंडळात बदलून आलेल्या नव्या मंडळींना त्यांनी तो किस्सा पुन्हा रंगवून सांगितला: एक होते महागणिती, सातनंच भागायला विसरले. या वेळी खरं सांगायचंच म्हणून मी उठून उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत सगळे त्या किश्शाला हसले. आणि बाबा, मीही हसले.