वकीलसाहेबांचा मुका अँप्लिफायर

तीर्थरूप मामा,

कॉलेज मध्येच सोडलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (पाय मागे घेतले असलेत, तर जिथे असतील तिथे). तुमची कंबर, मामींचा राग आणि तुमची स्कूटर, तिन्ही ताळ्यावर आहेत ना? मी ठणठणीत आहे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या पुढे केलेल्या बोटाकडे बघून डोळे वटारले, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. तेच कळवायला हे पत्र.

झालं असं, की वकीलसाहेबांचा (म्हणजे तिच्या वडिलांचा, 'ती' कोण ते विचारू नका, मागचं अख्खं पत्र तिच्यावरच होतं) अँप्लिफायर मुका झाला. दिवा लागतो, तबकडी फिरते, आवाज नाही. जिन्यात मला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "कारागीर हवाय. अर्धवट सोडून पळणारा नको." झालं! माझं डोकं तुम्ही जाणताच. अनवाणीच वर गेलो आणि म्हणालो, "आज हा बोलला नाही, तर या घराची पायरी चढणार नाही." (बोलून गेल्यावर आठवलं, तीही याच घरात राहते.)

फ्यूज पाहिला, ठीक. वायरी काढल्या, घासल्या, परत लावल्या. उजवा स्पीकर डावीकडे नेला. झाकण उघडून आतली सगळी धूळ नाकात घेतली. ढिम्म! वकीलसाहेब खुर्चीतून उलटतपासणी घेत होते, ती दाराशी नखं खात होती. शेवटी पुढच्याच बाजूला स्पीकरचं बटण दिसलं. बंद! आता वकीलसाहेब चालू-बंद आणि आवाज सोडून कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत ("बाकीची कंपनीची असतात"). मग हे बंद केलं कोणी? मी बोट पुढे केलं आणि काकूंनी (म्हणजे तिच्या आईने) डोळे वटारले. दिवसभर त्याच त्या ताना ऐकून बाई विटल्या होत्या.

दाबावं तर सासू हातची जाणार, न दाबावं तर सासरा. मामा, कॉलेजात जे डोकं कधी चाललं नाही, ते तेव्हा चाललं. गळ्यातला माझा हेडफोन काढला, अँप्लिफायरला जोडला (त्याला स्पीकरचं बटण लागत नाही) आणि वकीलसाहेबांच्या कानांवर चढवला. त्यांचे डोळे मिटले, मान डोलू लागली आणि घरात मात्र चिडीचूप! काकूंनी माझ्या चहात साखर दोनदा घातली.

ती हळूच म्हणाली, "मग विचार की आता बाबांना." मी तिथेच खणखणीत आवाजात विचारलं, "काका, मला हिच्याशी लग्न करायचंय, चालेल ना?" त्यांनी मान डोलावली, मांडीवर थाप मारली, वर "वा, वा!" म्हणाले. काकू म्हणाल्या, "होकार दिलाय, मी साक्षीला आहे."

आपला,
विजयी भाचा

ता. क. : वकीलसाहेबांना यातलं अक्षरही ठाऊक नाही. तेव्हा रविवारी मामींना घेऊन या, हेडफोन उतरवा आणि रीतसर बोलणी करा. हात जोडतो.

दुसरा ता. क. : येऊ नका! ती आत्ताच खाली येऊन हे वाचून गेली. म्हणाली, "लग्न तू करणार की मामा?" मीच वर जातोय. हेडफोन उतरवून सगळं त्यांच्या कानावर घालतो, मग काय व्हायचं ते होवो. ही ओळ उंबऱ्यात उभं राहून लिहिली. निघालो. हे दार लावलं.